पाण्याखालचा दांडा: तळ्यातल्या खेळण्यापासून टर्बिनियापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलच्या गर्दीत इयरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर देतोय. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.

इंजिनावर बोलायला सगळ्यांनाच आवडतं. वाफेचं इंजिन, डिझेल इंजिन, जेट इंजिन यांच्यावर पुस्तकं आहेत, रील्स आहेत. आज आपण इंजिन आणि प्रोपेलर यांच्या मधल्या त्या बिचाऱ्या दांड्याबद्दल बोलणार आहोत, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. शाफ्टबद्दल.

एक मॉडेल बोट डोळ्यांसमोर आणा. दोन-अडीच फूट लांब, आत डीसी मोटर, बॅटरी, रिमोटचा रिसीव्हर. मागे पाण्यात एक पितळी प्रोपेलर. आपल्याकडे मच्छीमार नौकांवर याला सरळ ‘पंखा’ म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो. तर मोटर कोरडी राहिली पाहिजे आणि पंखा ओला. दोघांना जोडणारा स्टीलचा दांडा बोटीच्या अंगातून आरपार जातो. म्हणजे एवढी मेहनत करून बांधलेल्या बोटीला तुम्ही स्वतःच्या हाताने, तेही पाण्याच्या पातळीखाली, भोक पाडायचं. त्यातून फिरणारी वस्तू बाहेर काढायची. आणि वर अपेक्षा काय, तर पाणी आत येता कामा नये.

मॉडेलमध्ये यावरचा उपाय आता ठरून गेलाय. एक पितळी नळी घ्यायची, तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना बुश, मधल्या पोकळीत ग्रीस, आणि आतून साधारण चार मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट. नळीचं आतलं टोक शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर येईल असं बसवतात, म्हणजे ग्रीस संपलं तरी पाणी लगेच आत चढत नाही. पण शाफ्ट फार तिरपाही करून चालत नाही, नाहीतर पंख्याचा बराचसा जोर बोटीला पुढे ढकलण्याऐवजी मागची बाजू वर उचलण्यात जातो.

मग येतो सगळ्यात चिकट भाग: मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आणणं. जाणकार काय करतात, तर आधी दोघांना एका ताठ नळीने जोडतात, जिच्यात वाकायला जागाच नाही. त्या अवस्थेत मोटरचा पाया एपॉक्सीने पक्का करतात. सुकला की ताठ नळी काढून तिथे युनिव्हर्सल जॉइंटचं कपलिंग घालतात. हे कपलिंग थोडा तिरकेपणा खपवून घेतं, पण त्याच्या भरवशावर वाकडी मोटर बसवली तर ते खडखडतं, बॅटरी खातं आणि बुश अंडाकृती करून टाकतं. आणखी एक बारीक गोष्ट. पंखा पाण्याला मागे ढकलतो, म्हणजे पाणी पंख्याला पुढे ढकलतं. तो जोर शाफ्टमधून थेट मोटरच्या बेअरिंगवर जाऊ नये म्हणून पंख्याच्या लॉकनट आणि बुश यांच्यामध्ये एक वॉशर घालतात. दहा-वीस रुपयांचा वॉशर, पण अख्खी बोट त्याच्या जोरावर पुढे सरकत असते.

रेषा, गळती, झीज, जोर, वेग. ही जी रविवारची डोकेदुखी आहे, ती एकोणिसाव्या शतकात जगातल्या मोठमोठ्या इंजिनियरांची डोकेदुखी होती. आणि गंमत म्हणजे त्यांच्यापैकी काहींनी सुरुवात खेळण्यातल्या बोटीपासूनच केली होती.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ इंजिनियर नव्हता. तो इंग्लंडमधला शेतकरी, मेंढ्या-गुरं पाळणारा. जन्म १८०८ चा. लहानपणापासून त्याला छोट्या बोटी बनवायचा आणि त्या आपोआप कशा चालतील याचा नाद होता. लंडनजवळ हेंडन इथे त्याची शेती होती. १८३०च्या दशकाच्या मध्यावर त्याने शेतावरच्या तळ्यात एक मॉडेल सोडलं. आत किल्लीवरची स्प्रिंग, मागे लाकडाचा स्क्रू. त्या काळी वाफेच्या जहाजांना दोन्ही बाजूंना मोठाली चाकं असायची, पाणी चोपटत जाणारी. स्मिथच्या मॉडेलला चाकं नव्हती, आणि ते चाललं.

३१ मे १८३६ ला त्याने पेटंट घेतलं. जेमतेम सहा आठवड्यांनी, १३ जुलैला, जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनियरने लंडनमध्येच वेगळ्या रचनेच्या प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्याआधी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात योझेफ रेसेलने १८२९ मध्ये त्रिएस्तेच्या बंदरात स्क्रूवरची बोट चालवून दाखवली होती, पण वाफेचा पाइप फुटला आणि पोलिसांनी प्रयोगच बंद पाडला. त्यामुळे ‘प्रोपेलरचा जनक कोण’ यावर युरोपातले देश अजूनही आपापला पुतळा पुढे करतात. मला त्या भांडणात रस नाही. कल्पना बऱ्याच जणांना सुचली होती. ती पाण्यात टिकवून कोण ठेवतं, हा खरा प्रश्न होता.

स्मिथने मग साधारण तीस फुटांची, सहा टनांची बोट बांधली आणि १८३६ च्या नोव्हेंबरमध्ये पॅडिंग्टन कालव्यात उतरवली. तिचा स्क्रू पाहिलात तर तुम्ही त्याला पंखा म्हणणार नाही. दोन पूर्ण वेढे असलेला लांबट लाकडी स्क्रू, बाटलीचं बूच काढायच्या हत्यारासारखा. फेब्रुवारी १८३७ मध्ये तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून गेला. आता बोट थांबायला हवी होती. ती उलट जास्त वेगाने चालायला लागली! उरलेला एकच वेढा पुरेसा होता, दुसरा नुसतंच पाण्याशी घर्षण वाढवत होता. स्मिथने पुढे एकाच वेढ्याचा स्क्रू केला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डेड कोड म्हणतो, तो इथे कालव्याने डिलीट करून दिला.

तळ्यातल्या मॉडेलने हे का सांगितलं नाही? त्या बोटीला जोर किती लागतोय, किती वाया जातोय, हे मोजायचं साधनच स्मिथकडे नव्हतं. बोट चालली, एवढंच उत्तर त्याला मिळालं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येईल.

कालव्यातून समुद्रात, आणि मग १८३८ मध्ये ‘आर्किमिडीज’ हे २३७ टनांचं जहाज. इथे शाफ्टची पहिली मोठी अडचण समोर आली: वेग. त्या काळची वाफेची इंजिनं आजच्या मानाने गोगलगाय होती. आर्किमिडीजचं इंजिन मिनिटाला २६ फेरे मारायचं. चाकं फिरवायला ते ठीक, पण पंख्याला जास्त फेरे लागतात. म्हणून मध्ये दातेरी चाकं घालून पंख्याचा वेग मिनिटाला १४० च्या आसपास नेला. ती दातेरी चाकं इतका आवाज आणि हादरे करायची की जहाजाच्या मागच्या भागात बसणाऱ्यांचे हाल व्हायचे.

१८४० मध्ये इसंबार्ड किंग्डम ब्रुनेलने हेच जहाज प्रयोगांसाठी घेतलं. तेव्हा ब्रिस्टलमध्ये त्याचं ‘ग्रेट ब्रिटन’ हे प्रचंड लोखंडी जहाज बांधलं जात होतं, चाकांचं म्हणून. प्रयोगांनंतर ब्रुनेलने अर्धवट बांधलेल्या जहाजाचा आराखडा बदलला आणि पंखा बसवायचं ठरवलं. आता यातला उपकथानकाचा भाग ऐका, मला तो भयंकर आवडतो. मूळ आराखड्यातल्या चाकांसाठी जवळपास ३० इंच जाडीचा शाफ्ट लागणार होता आणि तो घडवेल असा हातोडा कुणाकडेच नव्हता. जेम्स नॅस्मिथला विचारणा झाली आणि १८३९ मध्ये त्याने कागदावर वाफेच्या हातोड्याचं चित्र काढलं. पुढे त्या हातोड्याने अवजड घडकामाचं सगळं गणितच बदललं. पण ज्या शाफ्टसाठी तो सुचला, तो शाफ्ट कधी घडलाच नाही, कारण तोवर ब्रुनेलने चाकं रद्द केली होती. फीचर कॅन्सल झालं आणि त्याच्यासाठी बनवलेलं टूल जगभर वापरात राहिलं.

ग्रेट ब्रिटन १९ जुलै १८४३ ला पाण्यात उतरलं. ब्रुनेलने दातेरी चाकांचा गोंगाट टाळला. त्याने मोठ्या साखळ्या वापरल्या, सायकलसारख्या, फक्त अजस्र. इंजिन मिनिटाला १८ फेरे, पंखा त्याच्या जवळजवळ तिप्पट. दोनच वर्षांनी ब्रिटिश नौदलाने पंख्याचं ‘रॅटलर’ आणि चाकांचं ‘अलेक्टो’ ही जहाजं पाठीला पाठ लावून बांधली आणि रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला, तिची चाकं पूर्ण जोरात फिरत असताना, अडीच नॉटच्या आसपास वेगाने उलटं ओढत नेलं. तो थोडा दिखावाच होता. नौदलाचा कल त्याआधीच पंख्याकडे झुकला होता. पण लोकांना आकड्यांपेक्षा रस्सीखेच कळते.

यानंतर हळूहळू इंजिनं वेगवान झाली, साखळ्या-दाते गेले आणि शाफ्ट सरळ इंजिनाला जोडला जाऊ लागला. सगळं छान व्हायला हवं होतं. झालं नाही. आता झीज समोर आली.

जहाजाच्या मागच्या टोकाला, जिथून शाफ्ट बाहेर पडतो, तिथे त्याला टेकायला बेअरिंग लागतं. बाहेर समुद्र, तिथे तेल टिकत नाही. वर टांगलेल्या पंख्याचं वजन टनांमध्ये. पितळेवर लोखंड घासायचं, त्यात खारं पाणी आणि वाळू. बेअरिंग बघता बघता झिजायचं, शाफ्ट खाली बसायचा, हादरायचा, आणि गळती सुरू. तळ्यातल्या मॉडेलने हीसुद्धा अडचण कधीच दाखवली नसती. हलका लाकडी स्क्रू, स्प्रिंग उलगडेपर्यंतचा प्रवास, तेवढ्यात काय झिजणार?

उत्तर शोधलं लंडनजवळच्या ग्रिनिचमधला इंजिन बनवणारा जॉन पेन याने, आणि या कामात त्याच्याबरोबर कोण होतं? आपला शेतकरी, फ्रान्सिस पेटिट स्मिथ. त्यांनी धातूच्या जागी लाकूड वापरून पाहिलं. साधं नव्हे, लिग्नम व्हिटे नावाचं, वेस्ट इंडीज भागातल्या झाडाचं. ते इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि त्याच्या अंगातच तेलकट राळ असते. पेनने १८५४ मध्ये पेटंट घेतलं. नळीच्या आत या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, मध्ये खाचा सोडायच्या, आणि त्या खाचांतून समुद्राचंच पाणी खेळू द्यायचं. म्हणजे ज्या पाण्याला एवढा वेळ आत येऊ नको म्हणत होतो, त्यालाच वंगणाचं काम दिलं. ही युक्ती इतकी टिकली की ठीक शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, अणुऊर्जेवर चालणाऱ्या पहिल्या पाणबुडीच्या, नॉटिलसच्या शाफ्टलाही लिग्नम व्हिटेचीच बेअरिंग होती. आतल्या बाजूला गळती थांबवायला वेगळा ग्लँड असतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी पंपाची ग्लँड दोरी बदलताना पाहिलं असेल, तत्त्व तेच.

स्मिथला या सगळ्यातून काय मिळालं? पैसा तर नाहीच. त्याच्या कंपनीचं नुकसान झालं, पेटंटची मुदत संपली, तो पुन्हा शेतीकडे वळला. १८६० मध्ये त्याला पेटंट ऑफिसच्या संग्रहालयाचा क्युरेटर नेमलं, १८७१ मध्ये ‘सर’ केलं आणि १८७४ मध्ये तो वारला. तोवर समुद्रावरची बहुतेक नवी वाफेची जहाजं पंख्यावर चालत होती.

आता मघाचा मुद्दा. मॉडेल कधी खरं बोलतं आणि कधी फसवतं? हा प्रश्न नीट हातात घेतला विल्यम फ्राउडने. १८७२ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की गावात त्याने मोठी पाण्याची टाकी सुरू केली, लांबी अडीचशे फुटांच्या वर. त्यात मेणाच्या छोट्या जहाजांना ओढून तो लागणारा जोर मोजायचा. मॉडेलवरून मोठ्या जहाजाचा हिशेब कसा काढायचा, लाटांचा विरोध वेगळा आणि पाण्याच्या घर्षणाचा वेगळा कसा धरायचा, हे त्याने बसवून दिलं. छोट्या पंख्याचा जोर आणि शाफ्टचा पीळ मोजायला त्याने यंत्र बनवलं, तेही लाकडी चौकटीचं, पितळी चाकांचं, आणि पट्टे म्हणून चक्क बुटांच्या चामडी नाड्या! ते यंत्र १९३९ पर्यंत वापरात होतं. आमच्याकडे तीन वर्षं जुनी लायब्ररी वापरली तर लोक नाक मुरडतात.

फ्राउडच्या नियमांनी मॉडेल प्रामाणिक झालं असं वाटलं. आणि मग आला चार्ल्स पार्सन्स.

पार्सन्सने वाफेचं टर्बाइन बनवलं होतं आणि ते त्याला जहाजात घालायचं होतं. त्याने सुरुवात केली दोन फुटी मॉडेलपासून, रबराला पीळ देऊन चालणाऱ्या, तळ्यात सोडलेल्या. विरोध मोजायला मासे पकडायची काठी आणि दोरी. एवढ्या साध्या सामानातून त्याने ‘टर्बिनिया’चा आकार ठरवला: १०४ फूट लांब आणि रुंदी अवघी ९ फूट, सुरीच्या पात्यासारखी. १८९४ मध्ये ती पाण्यात उतरली. एक टर्बाइन, एक शाफ्ट. अपेक्षा होती तीस नॉटच्या पुढची. सात वेगवेगळे पंखे लावून पाहिले, तरी ती विसाला टेकेना.

इथे पार्सन्सने जे केलं त्यासाठी मी त्याला शंभर मार्क देईन. टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये शाफ्टवरच त्याने स्प्रिंगचं एक मोजमाप यंत्र बसवलं. शाफ्टला किती पीळ पडतोय हे कळलं की त्यातून किती शक्ती जातेय हे कळतं. उत्तर आलं: टर्बाइन ठरल्याइतकी शक्ती देतंय, ती शाफ्टमधून पुढे जातेय, आणि पंख्यापाशी हरवतेय. म्हणजे लॉग लावला नेमक्या मधल्या जागी, आणि बग कुठल्या बाजूला आहे ते एका फटक्यात कळलं.

कारण नवीनच होतं. आर्किमिडीजच्या वेळी इंजिन फार हळू होतं, आता टर्बाइन फार जलद. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पंखा फिरायला लागला की त्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही उकळतं, वाफेचे पोकळ बुडबुडे होतात आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळीत फिरतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. आणि तळ्यातल्या मॉडेलला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण बोट लहान केली, वेग लहान केला, पण डोक्यावरची हवा तेवढीच राहिली. हवेचा दाब कोण लहान करणार?

पार्सन्सने तोही लहान केला, वेगळ्या वाटेने. १८९५ मध्ये छोट्याशा बंद टाकीत दोन इंची पंखा बसवला आणि पाणी जवळजवळ उकळीपर्यंत तापवलं, म्हणजे कमी वेगातही बुडबुडे येतील. फिरत्या पंख्यावर प्रकाशाचे झटके टाकून ते डोळ्यांना स्थिर दिसतील असं केलं. मग बोटीत एकाऐवजी तीन टर्बाइनं, तीन शाफ्ट, आणि प्रत्येक शाफ्टवर तीन पंखे. एकूण नऊ. जोर नऊ ठिकाणी वाटला गेला आणि टर्बिनिया ३४ नॉटपर्यंत गेली.

२६ जून १८९७, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला नौदलाची मानवंदना. त्याच महोत्सवाच्या २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. म्हणजे अवघ्या चार दिवसांत साम्राज्याच्या सोहळ्याला दोन टोकांना दोन धक्के. पुण्यातला आपण शाळेत शिकतो. स्पिटहेडला असं झालं की रांगेत उभ्या युद्धनौकांच्या मधून टर्बिनिया सुसाट निघाली, आणि तिला अडवायला धावलेल्या गस्ती बोटींच्या ती हातीच लागली नाही. दहा वर्षांच्या आत ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका टर्बाइनवर चालत होती.

नऊ पंखे हा तसा जुगाडच होता, आणि मालवाहू जहाजांना इतका वेग परवडत नव्हता. म्हणून १९१० च्या सुमारास पार्सन्सने ‘वेस्पेशियन’ या जुन्या मालवाहू जहाजात टर्बाइन आणि शाफ्टच्या मध्ये दातेरी चाकं घातली, वेग सुमारे वीस पटीने कमी करणारी. आर्किमिडीजमध्ये दाते वेग वाढवायला होते, इथे उतरवायला. याच सुमारास अँथनी मिशेल या ऑस्ट्रेलियन इंजिनियरने जोर पेलणारं बेअरिंग सुधारलं. तिरके होणारे छोटे तुकडे, त्यांच्यात तेलाची पातळ फीत. मोठ्या जहाजांत आपल्या त्या दहा-वीस रुपयांच्या वॉशरचं काम आज अशी बेअरिंग करतात.

तोवर मॉडेल बोटींचा स्वतःचा संसारही सुरू झाला होता. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १९०४ पासून वाफेच्या मॉडेल बोटींचा क्लब आहे. आपल्याकडे जत्रेत मिळायची ती पत्र्याची फटफट बोट, तिला मात्र शाफ्टच नसतो, त्यामुळे ती आजच्या भागातून बाद. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिप मॉडेलिंग केलेल्यांना मात्र हे सगळं तोंडपाठ असेल.

रेसिंगच्या मॉडेल बोटींनी तर ताठ दांडाच काढून टाकलाय. तिथे ब्रशलेस मोटर मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेते, आणि शाफ्ट म्हणून असते तारांचा पीळ घातलेली लवचिक केबल, पातळ नळीतून वाकत मागे जाणारी. जुन्या स्कूटरची स्पीडोमीटर केबल आठवा, तीच जातकुळी. वाकलेल्या वाटेने फेरे पोचवणारा असा लवचिक शाफ्ट एकाने १८२९ मध्येच बनवला होता, छोटी भोकं पाडायच्या ड्रिलसाठी. त्याचं नाव जेम्स नॅस्मिथ, तोच हातोडावाला.

केबलचे लोक एक नियम कडक पाळतात. पिळाची दिशा अशी हवी की फिरताना तो घट्ट होईल, उलगडणार नाही. शिवाय जोर आला की ती किंचित आखूड होते, म्हणून मागच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावी लागते. आणि दर रेसनंतर केबल बाहेर ओढून, पुसून, नव्याने ग्रीस लावून परत घालायची.

पुढच्या भागात सुकाणू. भेटू.